बघायचे पैसे

“नुसतं बघायचे पाचशे?”

पडेगावात रस्त्याकडेच्या एका गॅरेजसमोर माझे वडील हे वाक्य बोलले आणि शेजारी उभा राहून मी हसलो. त्या हसण्याची किंमत पुढच्या अडीच महिन्यांत साडेनऊ हजार रुपये, खुलताबादची दोन गिऱ्हाइकं आणि दौलताबादच्या घाटात थोडक्यात टळलेला एक अपघात एवढी झाली. हा लेख त्या हसण्याच्या विरोधात आहे. ते माझं एकट्याचं असतं, तर लिहिण्याची गरज नव्हती. पण आपल्याकडे गाडीवाला, फ्रिजवाला, मोटारपंपवाला, कोणीही ‘बघायचे पैसे पडतील’ म्हणाला की आपण सगळेच असे हसतो. नंतर तोच माणूस आपल्याला फसवतो म्हणून गळा काढतो.

आधी गाडीबद्दल. पप्पांकडे मारुती ओम्नी आहे, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान. मारुतीने ही गाडी १९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आणली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं, आणि २०१९ मध्ये उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षांत तिने रुग्णवाहिका, शाळेची गाडी, दुधाची गाडी, लग्नातली वऱ्हाडाची गाडी आणि हिंदी सिनेमातल्या अपहरणाची गाडी अशी सगळी कामं केली. आमची पाव, खारी आणि टोस्ट वाहते. पप्पा पहाटे एक फेरी करतात, दुपारी दुसरी. पडेगाव, शरणापूर, दौलताबाद, मग घाट चढून कागजीपुरा, खुलताबाद, शेवटी वेरूळ. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं आणि पुढच्या सीटखाली. म्हणजे इंजिन तापलं की पहिली बातमी चालवणाऱ्याच्या बुडाला कळते.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ही गाडी मिसिंग करायला लागली. घाटात मध्येच झटके द्यायची, ताकद सोडायची, कधी पाच सेकंद, कधी पाच मिनिटं. मग जणू काही झालंच नाही अशी चालायची. गॅरेजसमोर आणली की तिचं इंजिन शिवणयंत्रासारखं गुणगुणायचं. ज्यांनी संगणकाचं काम केलं आहे त्यांना हा प्राणी ओळखीचा आहे. जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये टँडेम कंपनीत असताना संगणक का बंद पडतात यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दोषांच्या दोन जाती सांगितल्या. एक बोरबग, म्हणजे दर वेळी त्याच जागी हमखास भेटणारा. दुसरा हायझेनबग, म्हणजे बघायला गेलं की नाहीसा होणारा. आमच्या ओम्नीत दुसरा शिरला होता.

पहिल्या गॅरेजवाल्या चाचांनी पप्पांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गाडी छोडके जाव. देखना पडता. देखने के पाँचसो होते.” काय बिघडलं असेल असं विचारल्यावर म्हणाले, “अभी कैसा बोलूँ?” या दोन वाक्यांवर ते आमच्या नजरेतून उतरले. ज्याला बघितल्याशिवाय सांगता येत नाही आणि जो बघायचे पैसे मागतो, तो कसला मेकॅनिक? आम्ही पुढे गेलो.

पुढच्या गॅरेजात सांगायला काहीच वेळ लागला नाही. “प्लग गेले.” प्लग बदलले. दहा दिवसांनी परत झटके. “मग वायरी असतील.” वायरींचा सेट बदलला. मग डेल्कोची टोपी आणि रोटर. मग तिसऱ्या गॅरेजात “कचरा येतोय” म्हणून कार्बोरेटर उघडून साफ, नवं किट. मग पेट्रोलचा पंप. मग कॉइल. कॉइल बदलल्यावर चार दिवस गाडी एकदाही अडखळली नाही. पप्पांनी पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले. पाचव्या दिवशी घाटाच्या वळणावर तिने मान टाकली. मागचा उसाचा ट्रक कसा थांबला ते पप्पांनी मला सांगितलं नाही, त्यांच्याबरोबर असलेल्या पोऱ्याने सांगितलं. दरम्यान माल उशिरा येतो म्हणून खुलताबादच्या दोन दुकानांनी दुसऱ्याकडून पाव घ्यायला सुरुवात केली होती. पप्पांनी गाडी विकायचं ठरवलं.

आता या सगळ्यात लबाड कोण? आपल्या बैठकीतलं तयार उत्तर असं, की मेकॅनिक. सगळे चोर, चालू भाग काढतात आणि नवा लावतात. मी या उत्तराशी भांडायला बसलो आहे, कारण ते आपल्या सोयीचं आहे. त्या तिघांनी जे बदललं ते खरोखर बदललं होतं. जुने भाग पिशवीत घालून हातात दिले होते. त्यांनी आम्हाला तेच विकलं जे आम्ही विकत घ्यायला तयार होतो. आम्ही वस्तू घ्यायला तयार होतो, आणि वस्तू बदलण्याची मजुरी द्यायला तयार होतो. विचार करण्याची मजुरी द्यायला तयार नव्हतो. ज्या धंद्यात विचाराला शून्य रुपये आणि कॉइलला साडेचौदाशे रुपये मिळतात, त्या धंद्यात लोक कॉइली बदलणार. यात नीतीचा प्रश्न नंतर येतो, हिशोबाचा आधी.

खेड्यापाड्यातल्या डॉक्टरला विचारा. नुसतं तपासून ‘काही नाही, तीन दिवसांत ताप उतरेल’ म्हणणाऱ्याला लोक मनातून पैसे देत नाहीत. “सुई बी नाही दिली,” म्हणत बाहेर पडतात. मग पुढच्या पेशंटला तो सुई देतो, त्याच्या पुढच्याला सलाईन लावतो. शरीरात काहीतरी गेलं पाहिजे, तेव्हाच पैसे वसूल. गाडीतही काहीतरी गेलं पाहिजे. गंमत म्हणजे आपली परंपरा या बाबतीत कच्ची नाही. आधी रोगाची परीक्षा, मग औषध, असा क्रम चरकसंहितेत स्पष्ट सांगितलेला आहे. माधवनिदान हा अख्खा ग्रंथ फक्त रोग ओळखण्यावर आहे. त्या ग्रंथांचा अभिमान सांगणारी माणसंही गॅरेजात गेली की म्हणतात, ते परीक्षा वगैरे राहू द्या, प्लग बदला.

दुसरी एक जमात आहे, तिच्याशीही माझं भांडण आहे. ही जमात लेख लिहिते. तिला जुन्या मेकॅनिकच्या कानाचं फार कौतुक. बॉनेटवर हात ठेवला की त्याला कळायचं, आता ते हात गेले, ते कान गेले. जुगाड म्हणजे आपली प्रतिभा, वगैरे. हे कौतुक वरून गोड आहे आणि आतून फुकटं आहे. एखाद्याचं ज्ञान दैवी देणगी ठरवलं की त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. देणगीचं बिल कोण मागतो? कान हे चांगलं साधन आहे. पण कान फक्त ‘एक सिलिंडर सुटतोय’ इथपर्यंत नेतो. का सुटतोय हे शोधायला पद्धत लागते, वेळ लागतो, आणि गाडी दोन दिवस सोडून जाणारं गिऱ्हाईक लागतं.

तिसरी जमात माझ्याच वयाची. ती म्हणते, नव्या गाडीला स्कॅनर लावला की सगळं कळतं, हे जुन्या डब्यांचे प्रश्न आहेत. स्कॅनरवर पी शून्य तीनशे हा कोड आला तर त्याचा अर्थ कुठलेतरी सिलिंडर अधूनमधून सुटताहेत. पी शून्य तीनशे एक आला तर पहिला सिलिंडर सुटतोय. हा पत्ता झाला. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, व्हॉल्व्ह जळलेला असेल, वायरीचं पिन सैल असेल. यंत्र सांगतं कुठे, का ते माणसालाच शोधावं लागतं. कोड वाचून त्या सिलिंडरची कॉइल बदलणारा आणि न वाचता प्लग बदलणारा, दोघांत फरक एवढाच की पहिल्याचं बिल मोठं असतं.

चौथा आरोपी मी. मी संगणक अभियंता आहे, घरूनच पुण्यातल्या कंपनीचं काम करतो. ज्या पावसाळ्यात मी चाचांच्या पाचशेवर हसलो, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे एक दोष शोधत होतो. हजारांत एखादी ऑर्डर मध्येच अडकायची. तीन आठवडे मी नोंदी वाचल्या, तर्क मांडले, खोडले. शेवटी एक ओळ बदलली. कंपनीने मला तीन आठवड्यांचा पूर्ण पगार दिला, वर टीमसमोर टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणालं नाही की एका ओळीचे एवढे पैसे? तसं कोणी म्हणालं असतं तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला असता. माझं बघणं हे काम, चाचांचं बघणं हा चावटपणा. या भेदाला दुसरं कुठलं कारण मला सापडलेलं नाही, सिवाय याच्या की मी खुर्चीत बसून बघतो आणि ते उकिडवे बसून.

याची लाज वाटायला मला अडीच महिने लागले. गाडीला तीस हजारांचं गिऱ्हाईक आलं त्या आठवड्यात मी पप्पांना न सांगता चाचांकडे गेलो. पाचशे रुपये काढून आधीच टपरीवर ठेवले. त्यांनी ते उचलले नाहीत. विचारलं, “रोज होता क्या?”

“रोज नै होता.”

“तो कब नै होता, वो बताव.”

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्ही लोखंडाचा चौकोनी तुकडा कानस मारून घासला होता, व्हायव्हात व्याख्या पाठ म्हटल्या होत्या. बिघडलेली वस्तू समोर ठेवून ‘शोध’ असं कोणी म्हटलं नव्हतं. चाचांना उत्तर देण्यासाठी मी घरी येऊन पप्पांची मालाची वही काढली. ज्या दिवशी गाडीने त्रास दिला त्या दिवशी पप्पा समासात ‘गाडी’ एवढंच लिहायचे. दुपारच्या चौसष्ट फेऱ्यांत तेरा वेळा ‘गाडी’. पहाटेच्या फेरीत एकदाही नाही. तेरापैकी नऊ वेळा शनिवार, रविवार किंवा सुट्टी.

चाचा वहीकडे बघून हसले. शनिवार-रविवारी वेरूळला जाणाऱ्यांची गर्दी असते. दौलताबादला रस्ता जुन्या दिल्ली दरवाजातून जातो, तिथे गाड्या अडकतात. इंजिन चालू, गाडी उभी, वारा नाही, सीटखाली भट्टी. तिथून सुटलं की लगेच चढ. म्हणजे दोष यायला दोन गोष्टी लागत होत्या, उष्णता आणि भार. गॅरेजसमोर थंड आणि रिकामी उभी गाडी कितीही ऐकली तरी तो दिसणार नव्हता. तिन्ही गॅरेजांनी तेच केलं होतं.

भाराचा इथे काय संबंध, हे मी घरी जाऊन समजून घेतलं. ठिणगी पडायला किती व्होल्ट लागतात हे फटीतल्या हवेच्या दाबावर अवलंबून असतं. फ्रीडरिश पाशेन यांनी हा नियम १८८९ मध्ये मांडला. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरतं, दाब वाढतो आणि त्याच फटीतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. सपाटीवर अशक्त ठिणगी चालून जाते, चढावर पडत नाही. तीन हजार फेऱ्यांवर हे इंजिन सेकंदाला पंचाहत्तर ठिणग्या टाकतं. त्यातल्या काही सुटल्या की पप्पांना झटका.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं निघालो. मी स्टिअरिंगवर, चाचा शेजारी आणि त्यांच्या हातात टायमिंग लाइट. हे साधं यंत्र आहे. त्याची चिमटी प्लगच्या वायरीवर लावायची, वायरीतून करंट गेला की दिवा लकाकतो. चाचांनी चिमटीची वायर सीटखालून वर घेतली होती. दिल्ली दरवाजाशी वीस मिनिटं अडकलो तेव्हा आयुष्यात प्रथमच मला वाहतूक कोंडी बघून आनंद झाला. घाट लागला, झटका आला, दिवा विझला. पहिला सिलिंडर. बाजूला थांबून चिमटी दुसऱ्या वायरीवर. झटका, दिवा विझला. तिसऱ्या वायरीवरही तेच. मग कॉइलमधून डेल्कोकडे जाणाऱ्या मधल्या वायरीवर. तिथेही दिवा विझला.

एवढ्यावर चाचांनी अर्धी गाडी निर्दोष सोडली. एकच सिलिंडर सुटत असता तर संशय त्याच्या प्लगवर, वायरीवर किंवा टोपीच्या त्या कोपऱ्यावर गेला असता. तिन्ही सुटत होते आणि मधली वायरही सुटत होती. म्हणजे करंट कॉइलमधून धड निघतच नव्हता. आमचे प्लग, वायरी, टोपी, रोटर, कार्बोरेटर आणि पंप या सगळ्यांवरचा खर्च त्या एका विझलेल्या दिव्याने वाया ठरवला. हेच मी कंपनीत करतो. साखळी मधून तोडायची, दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं, पुन्हा ते अर्धं मधून तोडायचं. त्याला आम्ही इंग्रजी नाव दिलं आहे आणि त्या नावाने पगार घेतो.

उरलं काय? कॉइल, आणि कॉइलकडे येणारी वाट. कॉइल नवी होती. घाटाच्या माथ्यावर गाडी चालू ठेवून चाचांनी मल्टीमीटरचं एक टोक वायरीला लावलं, दुसरं कॉइलच्या खिळ्याला. दोन्हींच्या मध्ये फक्त एक थिंबल, वायरीच्या टोकाला दाबून बसवलेलं पितळी कडं. तिथे आकडा शून्याच्या जवळ हवा. साडेतीन व्होल्ट आले. चौदापैकी साडेतीन त्या कड्यातच खपत होते. कॉइलला पाऊण करंट मिळाला तर ठिणगीची ऊर्जा पाऊणपट राहत नाही. ती करंटच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणजे निम्म्याच्या जरा वर उरते. आणि ज्या जोडात व्होल्ट खपतात तो जोड स्वतः तापतो, तापला की आणखी बिघडतो. चाचांनी पकडीने थिंबल आवळून धरलं, आकडा खाली आला. सोडलं, आकडा वर गेला. आवळून चढावर नेली, झटका नाही. सैल करून नेली, झटका. दोष हवा तेव्हा घालवता आला, हवा तेव्हा परत आणता आला. त्याला सापडणं म्हणतात.

कॉइल बदलल्यावर चार दिवस गाडी बरी का चालली, तेही इथे कळलं. कॉइल बदलताना ते कडं काढून पुन्हा घातलं गेलं, घासलं गेलं, तात्पुरतं साफ झालं. गुण कॉइलला मिळाला. आणि घासलं गेलं नसतं तरी चार दिवसांचा पुरावा काय किमतीचा होता? पाच फेऱ्यांत एकदा येणारा दोष, काहीही न करता, सलग चार फेऱ्या न येण्याची शक्यता शंभरात एक्केचाळीस. नाणं उडवण्याच्या जवळपास. तो गेला असं जरा भरवशाने म्हणायला सलग चौदा फेऱ्या तरी झटक्याविना जायला हव्यात, तेव्हा नुसत्या योगायोगाची शक्यता शंभरात पाचाच्या खाली येते. अधूनमधून येणाऱ्या रोगावर प्रत्येक औषध काही दिवस लागू पडतं. बाबाबुवांचा धंदा यावर चालतो, स्पेअरचा धंदाही यावरच चालतो.

थिंबल दहा रुपयांचं. चाचांनी वायर मागे कापली, आतला तांब्याचा तार काळा पडला होता तेवढा काढला, नवं कडं दाबून बसवलं. पावणेतीन तास, दोन वेळा घाट, पाचशे रुपये. थिंबलचे त्यांनी लावले नाहीत. गाडी विकली नाही, आणि वहीच्या समासात त्यानंतर ‘गाडी’ आलेलं नाही. चौदाच्या वर फेऱ्या कधीच होऊन गेल्या, मी मोजत होतो.

घरी सांगितल्यावर पप्पा म्हणाले, “दहा रुपयांच्या कड्याचे पाचशे घेतले?” साडेनऊ हजारांबद्दल ते असं कधी म्हणाले नव्हते. त्या साडेनऊ हजारांच्या पिशव्या भरून वस्तू आल्या होत्या ना. मी फोन काढून कुटुंबाच्या ग्रुपवरची एक गोष्ट त्यांना दाखवली. बंद पडलेलं यंत्र, म्हातारा कारागीर, हातोडीचा एक ठोका, दहा हजारांचं बिल, ठोक्याचा एक रुपया आणि कुठे मारायचा हे कळण्याचे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. ही गोष्ट ग्रुपवर पप्पांनीच पाठवली होती, खाली हात जोडलेल्या चिन्हासह. आपल्याकडे ही गोष्ट दर महिन्याला फिरते आणि सगळ्यांना पटते. फक्त हातोडीवाला दारात उभा राहिला की त्याला आपण ठोक्याचा एक रुपया देतो आणि त्यातही घासाघीस करतो. पप्पा गप्प बसले. रागावले असावेत. मीही बरोबरच होतो असं नाही, कारण त्या दिवशी हसलो होतो मी.

याच्यावर एक आक्षेप रास्त आहे. पाव विकणाऱ्या माणसाने ‘बघायचे’ पाचशे कुठून आणायचे, आणि देऊनही सापडलं नाही तर? पहिल्या भागाचं उत्तर आमच्या वहीत आहे. न बघण्याचे साडेनऊ हजार त्याच माणसाने दिले. बघणं महाग वाटतं कारण ते एकरकमी आणि उघड मागितलं जातं, न बघणं हप्त्याहप्त्याने आणि वस्तूच्या नावाने. दुसऱ्या भागाचं उत्तर अवघड आहे. हो, कधी सापडणार नाही. पण प्रामाणिकपणे बघितलेलं वाया जात नाही, काय काय नाही ते तरी कळतं. निदान झालं की नाही हे ओळखायचं साधनही गिऱ्हाइकाकडे आहे. विचारायचं, तुम्ही काय तपासलं? काय बाद केलं, कशावरून? दोष परत आणून दाखवता येईल का? ज्याने बघितलं आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याने अंदाज केला आहे तो म्हणतो, “सायेब, वीस वर्षांचा अनुभव आहे.”

आणि हे आपल्या शहराला न कळण्यासारखं नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या २००१ पासून जुळवल्या जातात, त्यांना माल पुरवणारे कारखाने आजूबाजूला आहेत. त्या कारखान्यांत एक नग नापास झाला की ‘व्हाय-व्हाय’ करतात. का, त्याचं का, त्या काचं का, असं पाच वेळा विचारत मुळाशी जातात. त्यासाठी पगारी माणसं नेमलेली असतात. तोच क्वालिटीचा माणूस रविवारी स्वतःची गाडी घेऊन गॅरेजात येतो आणि म्हणतो, “लवकर सांगा, काय बदलायचं?” गाडी बनवताना कारण शोधायला पैसे आहेत, गाडी दुरुस्त करताना नाहीत. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षं शिकून आलेला पोरगा मीटर धरायला शिकलेला असतो. गॅरेजात सहा महिन्यांत तो मीटर विसरतो, कारण मीटर धरून बसलेल्या पोराकडे बघून गिऱ्हाईक म्हणतं, याला काही येत नाही.

थिंबल बसवल्यावर मी चाचांना पावती मागितली, पप्पांना दाखवायला. त्यांनी छापील पुस्तक काढलं. त्यात रकाने तीन, भाग, नग, रक्कम. थोडा वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, “प्लग, ३ नग, ५००.” मी म्हटलं, चाचा, प्लग कुठे बदललेत? म्हणाले, “देखने के लिखूँ तो तेरे पप्पा हसते.” मग पुढे सांगितलं की आता ते कोणालाच बघायचे पैसे सांगत नाहीत. बघतात तसेच, पण प्लग बदलून देतात आणि पैसे त्यात घालतात. “आदमी को प्लग दिखना.”

म्हणजे पडेगावात खरं बोलणारा एक मेकॅनिक होता आणि त्याला आम्ही गिऱ्हाइकांनी मिळून खोटं बिल लिहायला शिकवलं. मी त्या पावतीवरचं ‘प्लग’ त्यांच्याकडून खोडून घेतलं आणि ‘तपासणी’ लिहून घेतलं. एका पावतीने काही होत नाही हे मला कळतं. पण तुमची गाडी, पंप, फ्रिज पुढच्या वेळी अधूनमधून बिघडेल तेव्हा आधी विचारा, “बघायचे किती घ्याल?” तो दचकेल. आकडा सांगेल तो द्या, आणि तो बघत असताना घाई करू नका.